तिकडच्यांचा निरोप

"मंग काय ठरलं जी तुमच्याकडच्यायचं?" असं विचारून ती बाई माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसली आणि पदरानं मानेवरचा घाम पुसू लागली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली. मला वाटलं, चुकून वर आली. रामदासपेठेतलं आमचं ऑफिस दवाखान्याच्या माथ्यावर आहे, आणि जिना चढून येणाऱ्यांतले अर्धे लोक आपला पेशंट शोधत असतात. रोज कुणीतरी डबा घेऊन येतं आणि मलाच विचारतं, बाळंतपणाची खोली कुठली. मी मान वर न करताच म्हटलं, "खाली, बाई. पेशंट सारे खाली आहेत." तर ती हसली. "अवं माय, ओळखलं नाई का? मी रुखमाबाई. निनाव्याची. सक्करदऱ्याची. तुम्ही दसऱ्याच्या आधी आलत्या ना माह्या गोपिकेसाठी?" आणि मग थोडं पुढे वाकून, ऑफिसातल्या इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "तुळशीचं लग्न झालं. म्हटलं आता निरोप येईन. नाई आला. म्हटलं आपणच जावं, त्यात काय लाज." माझा हात टेलिफोनच्या रिसीव्हरवर होता. तो तिथेच राहिला. गोपिकेसाठी. मी गेले होते खरी. पण मी कंपनीकडून गेले होते.

आमची कंपनी नागपूरच्या हातमागाच्या चादरी आणि टेबलावर अंथरायची कापडं परदेशात पाठवते. तिकडे एक मोठं दुकान आहे, ते सगळा माल घेतं. मागच्या वर्षी तिकडच्या कुठल्याशा पेपरात छापून आलं की हिंदुस्थानातलं कापड लेकरं विणतात, आणि दुकानाचं धाबं दणाणलं. तेव्हापासून कापडासोबत घरांचीही तपासणी सुरू झाली. कुणाच्या घरी किती माणसं, कोण काय काम करतं, चौदाच्या आतलं पोर मागाशी बसतं का, शाळेत जातं का. मी घरोघर जायचं, विचारायचं, ऑफिसात येऊन टर्मिनलवर आकडे दाबायचे, टेलिफोनचा रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत उलटा ठेवायचा, आणि मुंबईची लाइन लागली की तिकडचं मोठं मशीन सगळं चघळून एक अक्षर परत पाठवायचं. काळ्या काचेवर हिरवं अक्षर. ए आलं तर छान. बी, सी, चालतं. डी म्हणजे धोका, त्या घराचं काम बंद. हे शिकायला मला मुंबईला महिनाभर पाठवलं होतं, आणि परत आले तेव्हा शेजारच्या बायका माझ्याकडे अशा पाहत की जणू मी विमान चालवून आले. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. चौतिसाव्या वर्षी बाईला लग्नाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल कुणी विचारलं तर बरं वाटतंच. निनाव्यांच्या घराचं अक्षर दिवाळीच्या आधीच आलं होतं. डी. आजवर गल्लीत ते कळलेलं नव्हतं, कारण वर्षाचा नवा माल ठरायचा होता, आणि तो आज ठरणार होता. आज चार वाजता तिकडचं दुकान यादी बंद करणार होतं. आणि ही बाई नारळ घेऊन समोर बसली होती.

मी त्यांच्यातलीच आहे, कोष्टी. आडनाव पराते. दसऱ्याच्या आधी निनाव्यांच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा पहिला प्रश्न रुखमाबाईनंच विचारला होता, "आडनाव काय जी?" आणि मी सांगितल्यावर तिच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी माझ्या नोकरीच्या खात्यात जमा केला. मूर्ख. आमच्या कोष्ट्यांत मुलगी हेरायला पहिल्यांदा येते ती बाई कधीही खरं कारण सांगत नाही. पाणी मागायला येते, लुगड्याचा भाव विचारायला येते, हरवलेल्या बकरीचा पत्ता काढायला येते. आणि घरच्यांनीही ओळखलं असं चुकूनही दाखवायचं नाही. ती म्हणेल बकरी, आपणही म्हणायचं बकरी, आणि तेवढ्यात आतून मुलीला बाहेर बोलवायचं, चरख्यावर बसवायचं, तिच्या हातून एक कांडी भरून घ्यायची. धोट्यात बसते ती सुताची कांडी. सूत तुटलं तर मुलगी कशी जोडते, चिडते का, जोडताना जीभ बाहेर काढते का, ते आलेली बाई पाहते. मग तिला काहीतरी गोड देतात. तिनं अर्धं ठेवलं तर समजायचं मुलगी पसंत नाही. सगळं संपवलं तर थोड्या दिवसांनी निरोप येतो. मलाही अशाच एकीनं पाहिलं होतं. तेव्हा आम्ही तांडापेठेत राहायचो. ती सुईदोरा विकायला म्हणून आली होती, आणि आईनं नको असलेली सुईची दोन पाकिटं विकत घेतली. मी कांडी भरली. माझं सूत तुटलं नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, जो जरा आत वळतो. शिऱ्याची वशी अर्धी ठेवून ती गेली. आई संध्याकाळपर्यंत ती वशी हातात घेऊन चुलीशी बसली होती. नंतर अजून आल्या, एक रद्दीवाली, एक खानेसुमारीवाली, एक नुसतीच दम लागला म्हणून ओट्यावर टेकलेली. हळूहळू येणं बंद झालं. मग ती रीतच मी डोक्यातून काढून टाकली, जसं न लागणारं भांडं माळ्यावर टाकतो. आणि दसऱ्याच्या आधी मी स्वतः हातात कागद घेऊन निनाव्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, कंपनीकडून आले, तुमच्या घरात कोण काय काम करतं ते विचारायचं आहे. बाप्पा! यापेक्षा उघड बहाणा कोणत्या बाईनं केला असेल?

आता सगळं डोळ्यांसमोर येऊ लागलं, आणि प्रत्येक गोष्ट उलटी होऊन येऊ लागली. घरात शिरताना तिनं माझ्या पायावर पाणी घातलं होतं. मला वाटलं, गरीब लोक, कंपनीची बाई म्हणून घाबरले. पोरगी नवं परकर-पोलकं घालून आली, केसांना इतकं तेल की कपाळावर उतरलेलं. मला वाटलं, नवरात्र आहे. मी विचारलं, हिचं वय काय, तर रुखमाबाई म्हणाली, "तेरावं सरलं, आता चवदावं लागलं." मी विचारलं, शाळेत जाते का, तर म्हणाली, "छ्या, शाळा गिळा काई नाई. माही पोट्टी घरातल्या कामाची हाये." कांड्या कधीपासून भरते? "अवं, पाचव्या वर्षापासून! उठली का चरख्यावर, ते दिवाबत्तीपर्यंत. तिचा हात पाहा तुम्ही." आणि पोरगी चरख्यावर बसली, आणि सूत दोनदा तुटलं, आणि आई हसून म्हणाली, "तुमच्या समोर लाजून राहिली." लाजत नव्हती ती. तिला येतच नव्हतं. ते मला दिसायला हवं होतं, ज्या घरात मी जन्मले त्या घराची शपथ, मला दिसायला हवं होतं. पाचव्या वर्षापासून चरख्यावर बसलेल्या मुलीच्या बोटाला घट्टा असतो, माझ्या बोटाला आजही आहे. पण मी खाली मान घालून लिहीत होते. प्रश्नाला उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न. नंतर तिनं पेलाभर दूध दिलं, वेलची, साखर, वर सायीचा तुकडा. मी सगळं पिऊन टाकलं. उन्हातून आले होते. तहान लागली होती.

"एक गोष्ट सांगाची होती," रुखमाबाई म्हणाली. तिनं पिशवी मांडीवरून उतरवून पायाशी ठेवली, पुन्हा उचलली. "बोलणी व्हायच्या आधी सांगून टाकावं म्हटलं. मंग पुढे जाऊन दगा केला असं नको. गोपिकेचं वय पंधरा हाये. दोन वर्सं कमी सांगतलं म्या. सारेच सांगते, तुम्हाले तं मालूम हाये. आन् पोट्टी दहावीत शिकून राहिली होती. शिकलेली पोट्टी मागाजवळ बसत नाई म्हणते लोक, म्हणून लपवलं. कांड्या ते फक्त रविवारी भरते, तेबी कुरकुर करत. तिच्या बापानं लय लाडावली. हे सारं मी तुम्हाले खरं खरं सांगून राहिली. आता तुम्ही ठरवा." आणि तिनं नारळ टेबलावर ठेवला, माझ्या टर्मिनलच्या बाजूला. मला हसू येतंय की रडू, मला कळेना. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात एकही माणूस आपण दिलेलं उत्तर दुरुस्त करायला जिना चढून आलं नव्हतं. ही आली. खरं सांगायला आली. "तुम्ही बसा," मी म्हटलं, "मी आलेच." घड्याळात तीन वाजून गेले होते.

आमचे मॅनेजर कृष्णकांत साहेब, त्यांच्या केबिनमध्ये मी न विचारता शिरले. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. ते मशीनवर जीव लावून बसले आहेत एवढंच. घरी त्यांचं कुणी ऐकत नाही असं शिपाई म्हणतो. मी भराभरा सांगितलं: बाईला वाटलं मी स्थळ घेऊन आले, म्हणून तिनं पोरीचं कौतुक केलं, वय कमी केलं, शाळा लपवली. सगळी उत्तरं खोटी आहेत, साहेब, आणि खोटी तीही तिच्याच विरुद्ध. साहेबांनी चष्मा काढला. "प्रेमिलाबाई, किस्सा मस्त आहे. पण मशीनला किस्सा कसा सांगाल?" मी म्हटलं, उत्तरं बदलते. ते म्हणाले, "बदलू नका. पहिल्यापेक्षा चांगलं उत्तर दुसऱ्यांदा दिलं की मशीन ते दबाव धरतं. मालकानं धमकावून बदलायला लावलं असं समजतं. तसं शिकवलंय त्याला." "पण ती स्वतःहून आली!" "हो ना. तेच तर धमकावलेली माणसं म्हणतात." हे ते अगदी मऊपणानं बोलले, आणि मला त्या मऊपणाचाच इतका राग आला की टेबलावरची पेनं उधळून द्यावीशी वाटली. मी बाहेर आले आणि न विचारता टर्मिनलवर बसले. रुखमाबाई खुर्ची सरकवून माझ्या बाजूला आली. तिला वाटलं असेल, मी मुलाकडच्यांना फोन लावतेय. मी तर नंबरच फिरवत होते. लाइन लागेना. खरखर, मग कुणाचं तरी दुकान, मग पुन्हा खरखर. शेवटी मुंबईच्या मशीनची शिट्टी आली, मी रिसीव्हर रबरात दाबला. वय, पंधरा. शाळा, होय. काम, नाही. आकडे बरोबर पडले. रुखमाबाई काचेकडे पाहत हळूच म्हणाली, "लय दूर राहते का ते लोक?" मी म्हटलं, लय दूर. मग काचेवर एक ओळ आली, उत्तरांत बदल, दबावाची शक्यता, आणि डीच्या जागी ई आलं.

ई म्हणजे ते घर एकटं जात नाही. ते घर ज्या मालकाच्या हाताखाली विणतं त्याचा सगळा माल जातो. म्हणजे चंपतराव. त्या गल्लीतले सगळे माग चंपतरावांचे सूत घेतात. एका बाईनं आपल्या लेकीचं कौतुक केलं म्हणून, आणि नंतर खरं सांगितलं म्हणून, एक आख्खी गल्ली मी एका बोटानं पुसली. मी केबिनच्या दारात उभी राहिले. साहेबांनी बाहेर येऊन टर्मिनलच्या काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "सांगितलं होतं ना मी? ऐकायचंच नाही कुणाचं!" मग स्वतःच शांत झाले. "एकच रस्ता आहे. मुलगी आज, या घडीला शाळेत शिकते असा शाळेचा दाखला आणा, जन्मतारखेसकट. मी मुंबईला स्वतः बोलतो, दुकानाची यादी उद्यापर्यंत अडवायला लावतो. कागद पाहिजे. तुमची माझी जीभ नको." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दाखला! एवढंच ना? पोरगी दहावीत आहे. मुख्याध्यापकाच्या दोन ओळी आणि शिक्का. मी नारळ उचलला, पिशवीत कोंबला, रुखमाबाईचा हात धरला आणि म्हटलं, "चला, घरी जाऊ." तिचा चेहरा काय फुलला! जिन्यात ती माझ्या मागून उतरताना म्हणत होती, "आजच? असं एकदम? पोट्टीचे केस तरी विंचरू द्या मले."

खरं काय ते मला जिन्याखालीच सांगावं लागलं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बाकावर एक म्हातारा सलाइनची बाटली हातात उंच धरून बसला होता, आणि मी रुखमाबाईला त्याच्या बाजूला बसवून म्हटलं, मुलगा नाही. कोणतंच स्थळ नाही. मी खरंच कंपनीकडून आले होते. बहाणा नव्हता तो. आधी तिला ते समजलं नाही. मग ती हसली, कारण तिला वाटलं मी आता नकार कळवते आहे आणि तो गोड करून सांगते आहे. "वय जास्त झालं म्हणून का? अवं, पंधरा म्हणजे काई जास्त नाई." मी म्हटलं, नाही हो, माझ्या घरी लग्नाचा मुलगाच नाही, भाऊ नाही, भाचा नाही, मी एकटी राहते. मग हळूहळू तिच्या तोंडावरून एकेक गोष्ट उतरत गेली. तिनं म्हाताऱ्याच्या बाटलीकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे वळून इतकंच म्हणाली, "मंग तुम्ही दूध काहून पेल्या?" तिनं पिशवी छातीशी घेतली. "सारं पेल्या तुम्ही. साय बी चमच्यानं खाल्ली. आम्ही तं त्याच दिवशी समजलो." मी म्हटलं, चुकलं माझं. तहान लागली होती. "तहान लागली तं पाणी मागाचं होतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

सायकलरिक्षात आम्ही दोघी एकमेकींना लागून बसलो, कारण त्या सीटवर दुसरं काही करताच येत नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं. चादरींचं काम जाणार आहे, ते अडवायला शाळेचा दाखला हवा. आधी शाळेत जाऊ, मुख्याध्यापकांना भेटू, पोरीच्या नावानं दोन ओळी. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. रस्त्यावर लग्नाचा बँड रिकामा चालला होता, वाजंत्र्यांनी टोप्या काखेत धरलेल्या. माझं डोकं भणभणत होतं, आणि त्या भणभणण्यात, कुणाला सांगायची सोय नाही पण मी एक वेडा उद्योग करत होते: मी मुलगा शोधत होते. आमच्या नात्यात कुणी आहे का. मामाचा लहानू, तर तो पितो. मावशीच्या जावेचा भाऊ, त्याला पहिली बायको आहे. तांडापेठेतल्या रामटेककरांचा धाकटा, तो बरा आहे, पण त्यांना हुंडा लागेल. म्हणजे माझ्या चुकीसाठी मी त्या पोरीला कुणाच्या तरी घरात नेऊन टाकायला निघाले होते, नुसतं एवढ्यासाठी की मी बहाणा करून आले होते हे खरं ठरावं. लाज वाटली. तरी शोधतच राहिले. तेवढ्यात रुखमाबाईनं रिक्षावाल्याला थांबवलं. शाळा जवळ आली होती, फाटक दिसत होतं, आणि ती उतरत नव्हती. मी म्हटलं, चला ना. ती म्हणाली, "दाखला घरी हाये."

"घरी? कसा?"

"म्याच आणला. दिवाळीची सुट्टी सरली तवा. शाळा सोडल्याचा." ती समोर बघत बोलत होती. "तुम्हाले सांगतलं होतं ना, शाळेत जात नाई म्हणून. मंग तुमच्याकडचं कोणी चौकशीले आलं, आन् पोट्टी दप्तर घेऊन निघताना दिसली, तं खोटं पडलं असतं ना माहं. म्हणून नाव काढून आणलं. मास्तर नाई म्हणत होते. लय बोलले मले. म्या म्हटलं, लग्न ठरलं हाये." रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "उतरना है के नहीं?" मी फाटकाकडे बघत होते. आत कुठल्यातरी वर्गात सगळी पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. साहेबांना हवा होता तसा कागद जगात अस्तित्वातच नव्हता. जो होता त्यावर लिहिलं होतं की मुलगी शाळेत नाही. मशीननं जे विचारलं, मी जे लिहिलं, ते त्या दिवशी खोटं होतं. आज खरं होतं. मी त्या घरात पाय ठेवला म्हणून खरं झालं होतं. मी खाली उतरून त्या मुख्याध्यापकांना गाठून हातापाया पडले, पडले म्हणजे खरोखरच वाकले, परत घ्या तिला, आजच्या तारखेनं लिहून द्या. ते थकलेले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, बोर्डाच्या परीक्षेची नावं मागच्या आठवड्यात गेली. तिचं काढून गेली. पुढच्या वर्षी बसवा, मी आनंदानं घेईन. आजची खोटी तारीख मी टाकणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. बरोबर बोलणाऱ्या माणसांचा मला त्या दिवशी वीट आला होता.

निनाव्यांच्या ओट्यावर चंपतराव आधीच येऊन बसले होते. धोतराचा सोगा हातात, टोपी गुडघ्यावर. कंपनीचा फोन त्यांच्या दुकानात पोचला होता. म्हणजे साहेब यादी अडवू शकले नव्हते, किंवा अडवली नव्हती. आता त्यानं काय फरक पडत होता? माझ्याकडे त्यांनी पाहिलं, ओळखलं, आणि कमाल म्हणजे शिवी दिली नाही. रुखमाबाईकडेच बोलले. "चादरीचं काम सरलं वं आपलं, रुखमा. आता गांधीबागेतल्या शेठचीच लुगडी विना. भाव अर्धा हाये त्याचा. दुप्पट विनलं तं पोट भरन." आत माग थांबलेला होता. नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसाच बसलेला मला दारातून दिसला. रुखमाबाई म्हणाली, "दुप्पट विनाचं तं कांड्या कोन भरन जी?" आणि तिचं तिलाच उत्तर कळलं. त्यांनाही कळलं. चंपतराव आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "घरात तं हाये." ते उठून पुढच्या घरी सांगायला गेले.

आत चरख्यावर गोपिका बसली होती. पायाशी भरलेल्या कांड्यांची टोपली. मी गेल्या वेळी पाहिलेली पोरगी हीच का, असं वाटावं इतका हात सुधारला होता. सूत तुटलं, तिनं न पाहता जोडलं, चाक थांबलंही नाही. मला पाहताच ती उठली, पदर नव्हता म्हणून ओढणीच डोक्यावर घेतली आणि पायाशी वाकली. मी मागे सरले. "नको," मी म्हटलं, "माझ्या नको पडू." तिनं ते लाडानं म्हटल्यासारखं घेतलं. रुखमाबाई दारात उभी होती, पिशवी अजून हातात. ती माझ्याकडे पाहून, पोरीला समजू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जा आता तुम्ही. तुमच्या मशीनले सांगा, निनाव्याच्या घरचं सारं बरोबर लिवलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते. मी जाण्यासाठी वळले, आणि गोपिकेनं मागून माझ्या पदराचं टोक धरलं.

"मावशी," ती म्हणाली. दारात आई उभी आहे म्हणून तिनं तोंड माझ्या खांद्याआड घेतलं होतं. तिच्या श्वासाला कच्च्या सुताचा वास येत होता, माझ्या लहानपणी आमच्या सगळ्यांच्या अंगाला यायचा तोच. "एक विचारू का? आईले नका सांगजा. ते तिकडचे लोक... लग्न झाल्यावर मले दहावीची परीक्षा देऊ देतीन का? मी घरातलं सारं काम करीन. सकाळी लवकर उठून करीन. फक्त पेपरच्या दिवशी जाऊ द्या म्हणा." स्थळ नाही हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच कुठे झाला होता? मी आईकडे पाहिलं. रुखमाबाईला ऐकू गेलं होतं, तिनं मान दुसरीकडे वळवली आणि दाराच्या चौकटीला टेकली. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. आजच्या दिवसात मी खरं सांगून काय काय करून ठेवलं होतं, तेही आठवलं. पोरगी माझ्या आत वळलेल्या डोळ्याकडे न पाहता, सरळ माझ्याकडे पाहत होती.

"देतीन," मी म्हटलं. "विचारलं मी त्यायले. हो म्हणते ते."

"खरंच?"

"खरंच वं."

ती हसली, ओढणी खांद्यावर टाकली, खाली बसली आणि चरख्याला पुढची कांडी लावली.